घासलेला वाल्व्ह
हाताला पेट्रोलचा वास लागला, की मला मीरा रोडच्या आमच्या सोसायटीतला तो रविवार आठवतो. आमची जुनी गाडी सिग्नलला थांबली की बंद पडायची. वरसावेच्या पुलाआधी ती तीनदा बंद पडली, तेव्हा आईने सांगून टाकलं, "आता मी या गाडीत बसणार नाही." गाडी उभी असताना इंजिनाला हवा देणारा छोटा वाल्व्ह बदलायचा होता. बाबांनी नवा आणला, मी जुना काढला. "टाकायचा कशाला? साफ करून ठेवतो," म्हणत बाबा तो पेट्रोलमध्ये बुडवून टूथब्रशने घासत बसले. वॉचमन म्हणाला, "अंकल, ये तो नया हो गया!" पेपरवर दोन्ही शेजारी-शेजारी चमकत होते. मी एक उचलून बसवला, चावी फिरवली आणि इंजिन शांतपणे घुरघुरत राहिलं. आई चपला घालून खाली आली आणि पुढच्या सीटवर बसली. नंतर पेपर उचलताना उरलेला वाल्व्ह हातात आला, तर त्याच्या खालच्या बाजूला कंपनीचं नवं कोरं स्टिकर. म्हणजे मी जुनाच बसवला होता! "नव्या पार्टची गोष्टच वेगळी," बाबा आजही पाहुण्यांना ऐकवतात. मी मान डोलावतो. नवा पार्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. गाडी अजून त्यांच्या टूथब्रशवरच चालतेय.