सगळ्यांनाच उजवा कौल

आगबोटीवर जागा असायच्या तेवढ्याच, पण मालवण बंदरातला आमच्या गावचा एजंट तिकिटं मात्र नेहमी जास्त विकायचा. त्याचा सगळा भरवसा देवावर. आमच्याकडे मुंबईला निघण्याआधी ग्रामदेवतेला कौल लावायची रीत होती. गुरव पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायचा. उजवीकडची पडली तर खुशाल जा, डावीकडची पडली तर बांधलेली ट्रंक सोडा. डावा कौल मिळालेले बंदराकडे फिरकायचे नाहीत आणि त्यांच्या जागी जास्तीची माणसं जायची. याला आम्ही एजंटाची हुशारी म्हणायचो. डोंबलाची हुशारी!

साठ सालच्या आसपासचा मे महिना. मला मुंबईला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला, असं पत्रात बजावलं होतं. रविवारची बोट सोमवारी सकाळी पोचायची. घाटावरून जाणारी एस.टी. केव्हाच सुटून गेली होती, म्हणजे हीच बोट.

बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथवर पडावातून जायचं. ट्रंक मांडीवर घेऊन मी पडावात बसले. आणि बोटीवरून निरोप आला, इतकी माणसं घेणार नाही. एकाला उतरावं लागेल.

बंदरावर एकच गलका. "मगे जास्त तिकिटा इकलस कित्याक?" कुणीतरी एजंटावर खेकसलं.

"अरे, दर खेपेक कोणाक तरी डावो कौल येता," तो हात जोडून म्हणाला. "ह्या खेपेक देवान सगळ्यांकच उजवो दिल्यान. माजो काय दोष? कोणीतरी उतरा रे, पुढच्या बोटीक पयलो मान तुमचो."

कोण उतरणार? ज्याला त्याला कामाची घाई. सगळे समुद्राकडे बघत बसले. तेवढ्यात काठावरून माझे वडील म्हणाले, "आमचा चेडू रवात. दोन दिसांनी जायत."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बाबा, सोमवारी पोचाक व्हया माका!" मी ओरडले.

"आपल्या गावचो माणूस अडचणीत आसा गो. दोन दिसांन काय मुंबय पळान जाता?"

माझी ट्रंक कुणीतरी उचलून खालीही ठेवली. त्या पडावात धडधाकट पुरुष बसले होते, एकाचंही ढुंगण हललं नाही. संतापाने मला रडूसुद्धा येईना.

एजंट शब्दाला जागला. पुढच्या बोटीवर त्याने मला कठड्याजवळची वाऱ्याची जागा दिली, वर शहाळं पाजलं. त्या शहाळ्याची मला आजही शिसारी येते. मुंबईत मुख्य बाईंनी माझं पत्र बघितलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "तुमची जागा कालच दिली." दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. नर्सिंग राहिलं ते राहिलंच.

वडील पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा जावयांना, पाहुण्यांना रंगवून सांगायचे. सगळे आपापली जागा धरून बसले होते, पण आम्ही नाही धरून बसलो, आम्ही जागा सोडली, असं म्हणताना त्यांचा चेहरा फुलायचा. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी असायचे. जागा कुणाची होती, हे मात्र एकाही पाहुण्याने कधी विचारलं नाही.