घोंगडीवाल्याचं सुतक

परग्रहावरची मंडळी पृथ्वीवर चाल करून येतात तेव्हा दर वेळी त्याच एका परदेशी शहरात का उतरतात, हे कोडं पन्नाशी जवळ आली तरी मला सुटलेलं नाही. एकदा तरी सोलापुरात उतरा म्हणावं. तेही मे महिन्यात, भर दुपारी. जुळे सोलापूर भागातल्या आमच्या गच्चीवर यान टेकवलं तर लढाईआधी ते प्यायला पाणी मागतील, आणि पाणी काही आमच्याकडे रोज येत नाही. पृथ्वी आपोआप वाचेल. सुपरहिरोला आपले ते खास कपडे चढवायचीही गरज पडणार नाही.

मी एका कार्यालयात कारकून आहे आणि अंतराळातले सिनेमे, सुपरहिरोंच्या मालिका यातलं काही सोडत नाही. जेवणाच्या सुट्टीत सहकारी मला छेडतात, "अहो, पोरीच्या लग्नाचं बघायचं वय हे, आणि तुम्ही कार्टून बघताय?" मग मी चिडतो, आणि चिडलो की मतं मांडतो. डोळ्यांभोवती चार बोटं रुंद काळी पट्टी बांधली की म्हणे सख्खी बायकोसुद्धा नवऱ्याला ओळखत नाही! आमच्याकडे उन्हाळ्यात मी डोक्याला रुमाल, तोंडाला रुमाल, त्यावर गॉगल आणि वर हेल्मेट घालून निघतो, तरी कोपऱ्यावरचा पानवाला ओरडतो, "काय सर, आज उशीर?" काळाच्या मागे जायचं यंत्र मिळालं की हे लोक थेट इतिहास बदलायला धावतात. गॅस बंद केला होता का, एवढं बघायला एकही जण मागे जात नाही.

पण माझं सगळ्यात कडक मत मेलेल्यांबद्दल आहे. मेला तो मेला. पुढच्या भागात त्याला परत आणायचा नाही. आपण रडून मोकळे झालेलो असतो. तेराव्याचं जेवण उरकल्यावर माणूस दारात येऊन उभा राहिला, तर जेवून गेलेल्यांनी काय करायचं?

"येऊ दे की परत," आई म्हणायची. "तुझं काय जातंय?"

या नादात आई माझी एकमेव जोडीदार. बायको म्हणते, घरात तुम्ही दोन लेकरं पुरेत, आणि थिएटरकडे फिरकत नाही. आईचं माहेर सांगोल्याकडच्या माळावरचं, मेंढरं राखणारं, आणि सिनेमाकडे ती त्याच नजरेनं बघते. खलनायक हिरोला खांबाला बांधून आपला बेत सविस्तर सांगू लागला की ती मोठ्यानं म्हणते, "लांडगा कवा बोलत बसतो व्हय?" आणि एवढं जग राखायचं तर या माणसाजवळ एक कुत्रं का नाही, हा तिचा जुना प्रश्न.

तिचा आवडता हिरो एकच. वरून पडणारी कुठलीही गोष्ट झेलायची, ही त्याची शक्ती. पूल, विमानं, इमारती, सगळं त्यानं झेललं. आईला मात्र त्याच्या खांद्यावरून लोंबणारं ते काळं जाड वस्त्र आवडलं. पहिल्याच सिनेमात ती मला कोपर मारून म्हणाली, "घोंगडी हाय की रं! आपल्यातलाच हाय ह्यो." तेव्हापासून आमच्या घरात तो घोंगडीवाला.

आईची एक अट असते. शेवट आधी कळल्याशिवाय ती काहीही बघत नाही. वडील आजारी पडले तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं होतं की बाईमाणसाला काही सांगायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले तरी सगळे तिला "बरे होतील, बरे होतील" म्हणत राहिले. ती शेवटच्या सकाळी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन दवाखान्यात गेली होती. त्यानंतर टीव्हीवरची साधी मालिकाही ती तशी लावत नाही. म्हणून आमची पद्धत ठरलेली. शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ मी रजा टाकून एकटा बघायचा, घरी येऊन कोण वाचतं ते तिला सांगायचं, आणि रविवारी दुपारी दोघांनी मिळून जायचं. तिनं पदराखालून कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा न्यायचा, आणि दारावरच्या माणसानं तो दिसला नाही असं दाखवायचं.

घोंगडीवाल्याचा शेवटचा सिनेमा आला आणि त्यात तो गेला. आभाळातून निखळलेला अख्खा चंद्र झेलता झेलता गेला. मी इतका रडलो की शेजारचा माणूस एक खुर्ची सोडून बसला.

घरी आलो तर आई शेंगा भाजत होती.

"वाचतो का?" तिनं विचारलं.

"वाचतो की."

"लागत-बिगत न्हाय न्हवं?"

"थोडं खरचटतं," मी म्हणालो.

का म्हणालो, तर खरं सांगितलं असतं तर ती आली नसती. आणि तिच्याशिवाय त्या माणसाला निरोप द्यायचा हे मला जमणारं नव्हतं. पण बोलून झाल्यावर लक्षात आलं. ज्या एका गोष्टीसाठी ती फक्त माझ्यावर विसंबून होती, तीच मी मोडली होती. आता ती घोंगडीवाला वाचणार म्हणून निवांत बसेल, आणि तो मरेल. शनिवारभर मी पळवाटा शोधल्या. मध्यंतरात पोट दुखायला लागलं म्हणावं, गॅस चालू राहिला म्हणावं. एकही धड नव्हती.

रविवारी आमचा नेहमीचा रिक्षावाला आला. दर वेळी त्याला आईच्या डब्यातला एक तुकडा ठरलेला.

"अम्मा, आज डब्बा नै लाए?" त्यानं आरशात बघून विचारलं.

"आज न्हाय बाबा," आई म्हणाली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील, भाकरी थापवली नसेल.

खलनायकानं लांबलचक भाषण ठोकलं तरी तिच्या तोंडून लांडग्याचं नाव निघालं नाही. चंद्र निखळला तेव्हा मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतो. घोंगडीवाला कोसळला. आईनं शांतपणे पिशवीत हात घातला, आहेरात आलेला कोरा सोलापुरी टॉवेल काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"घे. शर्टाला पुसू नगंस."

खेळ संपला, लोक उठले. मी बसून राहिलो. या सिनेमांत नावं सरल्यावर कधी कधी एक छोटा प्रसंग दाखवतात.

"चल की," आई म्हणाली.

"थांब जरा. शेवटी कधी कधी काहीतरी असतं."

"काय, उठून येतो व्हय त्यो?" ती म्हणाली. "मेला त्यो मेला, असं तूच म्हंतोस न्हवं?"

तरी ती थांबली. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाला आला. मी तोंड टॉवेलात खुपसलं.

परतीच्या रिक्षात मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"शुक्रवारीच. तोंड बघितलं की तुझं. खरचटल्यावर कुनी एवढं रडतंय व्हय?"

"मग आलीस कशाला?"

"तू दुसऱ्यांदा एकटाच रडत बसला असतास की." मग पदर सावरत म्हणाली, "आनि मयताला जाताना डबा नेत्यात व्हय?"

घरी पोचल्यावर तिनं मला उंबऱ्यावरच अडवलं. आंघोळ केल्याबिगर आत कुठं शिवायचं नाही.

"अगं, सिनेमातला माणूस तो! सुतक कसलं? त्याचं आपलं गोत्र तरी एक आहे का?"

"घोंगडी हाय की," ती म्हणाली.

बायको आतून हसत होती. पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं आणि पिंपात तळाशी थोडंसं उरलेलं. मी न्हाणीकडे निघालो तशी आई मागून आली. माझ्या हातातला ओला टॉवेल काढून घेतला आणि कोरडा दिला.

"माझ्या येळंला डाक्टर काय म्हनंल ते तसंच्या तसं मला सांगायचं," ती म्हणाली. "खरचटलंय म्हनायचं न्हाय."

मी कोरडा टॉवेल खांद्यावर टाकला.

"सांगशील न्हवं?"

"सांगतो," मी म्हणालो.

"मग जा. आनि पानी जपून घे. मलाबी आंगुळ करायची हाय."