सुतक कळल्या दिवसापासून

संगीताचा फोन आला तेव्हा मी पोलादपुरात आमच्या घराच्या ओट्यावर दाढी करत बसलो होतो. यशोदा वहिनी म्हणजे माझ्या दोस्ताची, धाकूची बायको, आणि संगीता तिच्या दिराची मुलगी. वहिनीला शेवटची दहाबारा वर्षं तिनंच सांभाळलं. म्हणाली, "आबा, काकी गेली. पहाटे, झोपेतच." मी विचारलं, "उचलणार कधी?" तर ती आवाज बारीक करून म्हणाली, "तुम्ही आधी वर वाडीत या. बाया खोळंबल्यात. मळवट भरायचा का नाय तेच कुणाला कळत नाय. कुंकवानं न्यायची का कपाळ पुसून? तुम्हीच येऊन सांगा. धाकूकाका जिवंत हायत असं तुम्हीच म्हणत आलात ना..." पोरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच अडली होती ती. पण अर्धी दाढी झालेल्या तोंडावर साबण वाळेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. नवरा असताना बाई गेली तर ती अहेव, तिला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. नवरा आधी गेला असेल तर यातलं काही नाही. वहिनीचा नवरा होता की नव्हता, हे पन्नासहून जास्त वर्षं वाडीत मीच ठरवत आलो होतो.

धाकू माझा जोडीदार. एकाच वाडीतले, एकाच वयाचे, नदीत एकत्र पोहलेले. फौजेच्या भरतीलाही आम्ही महाडला जोडीनंच गेलो. धाकूची छाती मापात बसली, माझी दोन बोटं कमी भरली. मी तिथल्या माणसाला म्हटलं, "टेप उलटी धरलीय तुम्ही," तर तो हसला आणि पुढच्याला हाक मारली. धाकू गेला आणि मी घरी आलो. सांगायला लाज कशाला, मला ते फार लागलं होतं. पुढे त्याचं लग्न झालं, त्याला वर्ष व्हायच्या आत लढाई लागली आणि धाकूची पत्रं बंद झाली.

त्या वेळी वाडीत वाचता येणारा असा मीच. चौथी नापास, पण बोट ठेवून अक्षर लावायचो. आठवड्याच्या बाजाराला महाडला उतरलो की चवदार तळ्याजवळच्या एका सलूनात पेपर असायचा, तो वाचून यायचो आणि संध्याकाळी धाकूच्या पडवीत बसून सगळ्यांना सांगायचो. रेडिओवर रोज आकडा यायचा, आपले इतके पडले, शत्रूचे तितके. आपला आकडा नेहमी लहान, त्यांचा मोठा. पण आमच्याच खोऱ्यात तीन घरी तारा आल्या होत्या. मी म्हणायचो, "एवढ्याशा आपल्या खोऱ्यात तीन, आणि सगळ्या देशात मिळून एवढेच? कुणाला शिकवतात हे?" माणसं माना डोलवायची. त्यांना ते पटायचं आणि मला त्यांचं पटणं आवडायचं. तीन मैलांवरून माणसं यायची ऐकायला. फौजेनं नाकारलेल्या माणसाला पडवीत मान मिळाला, तो मी सोडणार होतो थोडाच.

मग चौथी तार धाकूच्याच घरी आली. त्यात लिहिलं होतं, बेपत्ता. मी म्हटलं, म्हणजे सापडेल. काही महिन्यांनी लांब पाकिटातून पत्र आलं, त्यात होतं की शिपाई मृत झाल्याचे मानण्यात येत आहे. धाकूची म्हातारी आई खांबाला धरून उभी, वहिनी तिच्या मागे पदर तोंडात धरून. वाचून मी काय करावं? मी पत्र आपटलं. म्हटलं, "मानण्यात येत आहे! बघा, ह्यांनी पाहिलं नाय, मोजलं नाय, नुसतं मानलं. ह्यांचा एक तरी आकडा खरा निघाला का आजपर्यंत? धाकू तिकडच्या तुरुंगात असंल. रडायचं नाय कुणी." म्हातारी मटकन खाली बसली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्या संध्याकाळी त्या घरात चूल पेटली. मला वाटलं, केवढं काम केलं मी.

पुढे पेन्शनचा एक कागद आला, वरच विधवेचं नाव अशी ओळ. वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आली. वीसही पुरी नसेल तेव्हा. म्हणाली, "भावोजी, अंगठा करू का?" आणि मी तिला जे बोललो ते सांगायला मात्र आज लाज वाटते. मी म्हटलं, "कर. पण तू अंगठा केलास की धाकूला सरकारनं नाय, तूच मारलास असं होईल." तिनं कागदाची घडी केली आणि परत गेली. मग आयुष्यभर ती लोकांच्या शेतात भाताच्या लावण्या करत राहिली, नाचणी कापत राहिली, उन्हाळ्यात करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन हमरस्त्यावर गाड्यांच्या मागे धावत राहिली. कपाळावर कुंकू रुपयाएवढं. हळदीकुंकवाला तिला पहिलं बोलावणं आणि माघारी कुजबुज, हे दोन्ही तिनं सोसलं. तिचं दुसरं लग्न लावून देतो असं तिचा भाऊ सांगायला आला होता, त्यालाही मीच पडवीतून पिटाळला. "नवरा जिवंत असलेल्या बाईचं दुसरं लग्न लावतोस, लाज हाय का रे?"

ती मात्र मला कधी उलटून बोलली नाही. चेष्टा करायची. मी पोलादपुरात राहायला गेलो तेव्हा म्हणाली, "आता सरकारला खोटं पाडायचं काम खालून करणार काय?" वाडीत गेलो की बशीतला च्या माझ्यापुढे सरकवून विचारायची, "काय म्हणतात भावोजी, जगात किती मेले?" मी तावातावानं सुरू व्हायचो. आणि ती तांदळातले खडे वेचत ऐकायची.

शेवटची भेट ती तशीच. सध्याची लढाई टीव्हीवर चालू झाली होती. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात नुसता गदारोळ. एक म्हणे आपले लपवतात, दुसरा म्हणे त्यांचे फुगवतात. तुडीलचा एक ड्रायव्हर, आखातात गाडी चालवून आलेला, मोबाइल दाखवून सांगत होता, "इकडचा चॅनल बघा, तिकडचा बघा, मुडदे तेच, आकडे वेगळे. दोन्हीची बेरीज करा नि दोनानं भागा!" सगळे हसले. मी टेबलावर हात मारून सांगितलं, "आकडा सांगणारा नेहमी कमीच सांगतो. मी पन्नास वर्षं बघतोय." त्याच तावात दुपारी वाडीत गेलो आणि वहिनीलाही तेच ऐकवलं.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "भावोजी, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचार की."

"सरकार मेलेले कमी सांगतं, असं तुम्ही म्हणता. खरं असंल. पर मग जो मेलेले कमी सांगतो, तो न मेलेल्याला मेला कशाला सांगंल? त्याचा आकडा वाढंल ना तेनं."

एवढी साधी गोष्ट. आकडा खोटा म्हणून पत्र खोटं, असं मी धरून चाललो होतो. आकडा खोटा असेल तर पत्र उलट खरंच असायला हवं होतं. पडवीत एवढी माणसं बसायची, कुणालाच हे सुचलं नाही, मला तर नाहीच.

"हे तुला आज सुचलं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"आज कशाला? तुम्ही पत्र आपटलंत ना, त्याच रात्री कळलं मला. पर तुम्ही बोललात नि म्हातारीनं चार घास खाल्ले. म्हटलं, म्हातारी हाय तोवर राहू दे कुंकू. मग म्हातारी गेली. तेव्हा पुसणार होते... पर तोवर तुम्ही सगळ्या खोऱ्यात सांगून बसला होतात. मी पुसलं असतं तर लोक तुमच्या तोंडावर हसले असते. ह्यांचा दोस्त, म्हटलं, जाऊ दे."

मी च्या न घेताच उठलो. "भावोजी, अवो बशी तरी रिकामी करा," ती मागून म्हणत होती. मी वळून बघितलं नाही. त्यानंतर चार महिने वर गेलो नाही. गुडघे दुखतात असं सांगायचो. गुडघे दुखतही होते, नाही असं नाही. पण रिक्षा अर्ध्या वाटेपर्यंत जाते... जाता आलं असतं. तिच्या समोर बसून दोन शब्द बोलायचे होते, वहिनी, माझं चुकलं, एवढेच. रोज म्हणायचो, उद्या. माझ्या जिभेनं उभ्या आयुष्यात ते दोन शब्द कधी उच्चारले नव्हते, ते कसे बाहेर काढावे हेच कळत नव्हतं. मग संगीताचा फोन आला.

वर पोचलो तेव्हा वहिनी पडवीत होती. आंघोळ घातलेली, डोक्यावरून पदर. कपाळावरचं कुंकू पाण्यानं फिकट झालेलं, पण कुणी पुसायला धजावलं नव्हतं. एका कोपऱ्यात हिरवं लुगडं आणि एका कोपऱ्यात पांढरं, दोन्ही आणून ठेवलेली. बाया माझ्याकडे बघत होत्या. जिवंत आहे म्हटलं असतं तर काम एका शब्दात झालं असतं, आणि मी खोटाच राहिलो असतो. मेला म्हटलं असतं तर तिचं पन्नास वर्षांचं कपाळ माझ्यासमोर पुसलं असतं. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि म्हटलं, "धाकू लढाईतच गेला. पत्र खरं होतं. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

कुणीतरी हुंदका दिला. एक म्हातारी पांढऱ्या लुगड्याकडे वळली.

"थांब," मी म्हटलं. "आपल्यात लांबच्या मरणाचं सुतक कधीपासून धरतात?"

"कळल्या दिवसापासून," ती म्हणाली.

"मग धाकूचं सुतक ह्या घरानं आजवर धरलं का?"

"नाय."

"का नाय? तर आपण ते मानलंच नव्हतं. आज मी सांगितलं, आज कळलं. आणि ही पहाटे गेली, कळायच्या आधी. हिरवं नेसवा."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्या म्हातारीनंच कुंकवाची वाटी उचलली. मळवट भरताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मनात आलं, आकडे सांगणारी माणसंही असंच करत असतील काय? जेव्हा कळलं तेव्हा धरायचं, सोयीचं तेवढं धरायचं, आणि कुणाचं तरी कपाळ झाकायचं. आयुष्यभर मी त्यांना शिव्या घातल्या आणि त्या सकाळी पडवीत मीही एक तारीख बदलून दिली होती. तिला ठाऊक असलेलं मी पुन्हा एकदा तिला ठाऊक नव्हतं असं ठरवून टाकलं होतं. चांगलं केलं की वाईट, ते अजून मला ठरवता येत नाही.

दोघांचं सुतक एकदम फिटलं. बाराव्याला संगीतानं दोघांच्या नावानं दोन पानं वाढायला घेतली. काकीच्या पानावर काय वाढायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, नाचणीची भाकर, चवळीची उसळ आणि कपभर गोड च्या. दुसऱ्या पानाशी आल्यावर ती थांबली. चुलीपुढूनच तिनं मला हाक मारली, "आबा, धाकूकाकांना काय आवडायचं वो?"

"घावन," मी लगेच म्हटलं. तिनं बिडाचा तवा चढवला, पीठ कालवायला घेतलं. त्या चुलीपुढे वहिनी बसायची, तिथली जमीन तिच्या बसण्यानं गुळगुळीत झालेली आहे, तिथंच संगीता बसली होती. आणि मी डोळे मिटून धाकूला आठवायला लागलो. तो पोहायचा कसा ते आठवलं. शीळ आठवली. जेवताना तो मला कुठंच दिसेना. घावन मी नुसतं तोंडाला आलं म्हणून बोललो होतो. ज्या बाईनं त्याला थोडे दिवस का होईना रांधून वाढलं होतं, तिला मी हे कधी विचारलं नव्हतं.

"संगीता, तवा उतरव," मी म्हटलं.

"का वो आबा? दुसरं काय आवडायचं?"

"मला ठाऊक नाय गो."

तिनं तवा खाली घेतला आणि दुसऱ्या पानावर नुसता भात वाढला.