बरणीतला ट्रिगर मासा

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नंदुरबारला सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये चढलो, तेव्हा समोरच्या बाकावर माझ्याच वयाचा एक टोपीवाला काचेची मोठी बरणी मांडीवर धरून बसला होता. आत चपटा, जाड कातडीचा मासा होता. त्याच्या पाठीवरचा काटा बंदुकीच्या घोड्यासारखा उभा राहतो, म्हणून त्याला ट्रिगर मासा म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. मासा गुजरातच्या किनाऱ्यावरच्या ओख्याहून आणला होता. बाकाखाली समुद्राच्या पाण्याचे डबे होते आणि जळगावजवळच्या पिंप्राळ्याच्या घरी टाकी तयार होती.

दोंडाईच्यानंतर उन्हाने गाडी तापली आणि मासा आडवा झाला.

“मेला हो. द्या खिडकीतून फेकून,” शेजारचे शेठजी म्हणाले.

“हाऊ मेला नही, झोपेल शे. आडवा पडीसनच झोपस हाऊ,” तो शांतपणे म्हणाला. मग सायकलच्या पंपाची नळी पाण्यात सोडून तो हवा भरू लागला. घाम डोळ्यांत उतरला तरी त्याचा हात थांबला नाही.

अमळनेर गेल्यावर शेठजींनी खात्री करायला बरणीत बोट घातलं आणि ओरडलेच. मासा कडकडून चावला होता. सगळे पोट धरून हसले.

जळगावला त्याचे डबे उतरवताना मी विचारलं, “खरंच झोपला होता का हो?”

“माले तरी कोठे माहीत व्हतं, भाऊ? पन मेला म्हनीसन जर हात थांबता, ते हाऊ खरंच मरी जाता.”

नाव विचारायचं राहिलंच. पण खात्री नसताना इतक्या खात्रीने वागणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.