इरकलीच्या पदरातला शोक मी रचला होता

“इरकलीच्या पदरातले पांढरे दाते म्हणजे बायकांनी गिळलेला शोक” हा मेसेज तुमच्याकडे आलाय का? तो मी लिहिलाय. आणि मनानंच रचलाय. लिखाणाचा प्रयोग म्हणून टाकला होता, कुणीतरी माझं नाव उडवून पुढं पाठवला.

आज नवनगरला मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. मावशीनं स्वतःच्या डोहाळजेवणातली हिरवी इरकल तिच्यासाठी जपून ठेवलेली. नेसवणार, एवढ्यात बहिणीची सासू कन्नडमिश्रित मराठीत म्हणाली, “बेडरी, ही नको. त्या पदरात शोक असतोय म्हणे. मोबाईलवर आलंय की.”

मावशी माझ्याकडे वळली. “तू लिहितीस की गं. सांग बघू त्यांना, खरं काय ते.”

खरं मला माहीत होतं. त्या पदराला टोपे-तेनी म्हणतात, आणि कन्नडमध्ये तेनी म्हणजे कणीस. पोटुशी पोरीला याहून चांगलं काय नेसवणार?

पण ते लिखाण माझं आहे हे सगळ्यांसमोर निघेल म्हणून मी घाबरले. म्हणाले, “काही ठिकाणी मानतात तसं.”

मावशीनं साडीची घडी घातली. बहीण सासूनं आणलेली साडी नेसली.

निघताना मावशीनं माझा हात धरला. “बरं झालं बाई, तू होतीस. माझ्या हातून अपशकुन झाला असता.”

घरी येऊन तिला फोन लावला आणि ती उचलायच्या आत कट केला. म्हणून आधी इथं लिहितेय. तो मेसेज दिसेल तिथं हे पाठवा. आणि मला सांगा, मावशीशी बोलायला सुरुवात कुठून करू?