रिकामी नळी हिरवी दिसली

रिकामी नळी हिरवी दिसत होती. ती काळी दिसायला हवी होती. मी माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला, शबानाला, बाजूला केलं, मायक्रोस्कोपचा दिवा बंद करून परत लावला आणि पुन्हा डोळा लावला. नळी आपली हिरवीच.

"मॅडम, परवा कमिटी आहे," शबाना म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

"माहिती आहे. मीच बोलावलीय ना."

आधी काम सांगते. मी जालन्यातल्या एका विद्यापीठ केंद्रात बायोमटेरियल्स शिकवते, म्हणजे शरीरात बसवता येतील असे पदार्थ. बायपासमध्ये सर्जन बहुतेक वेळा पायातली शीर काढून हृदयाला जोडतात. काहींच्या पायातल्या शिरा खराब निघतात. मोठ्या रक्तवाहिनीच्या जागी कृत्रिम नळी चालते, हृदयाच्या बारीक वाहिनीच्या जागी चालत नाही, कारण आत रक्त गोठतं. म्हणून आम्ही रेशमातल्या प्रथिनाची बारीक नळी करतो आणि तिच्या आतून रक्तवाहिनीच्या पेशी वाढवतो. भिंतीला गिलावा करावा तसा पेशींचा थर बसला, तर रक्ताला नळी परकी वाटत नाही. थर बसला का ते बघायला एक रंग टाकतात. जिवंत पेशी निळ्या उजेडात हिरव्या चमकतात, बाकी सगळं काळं राहतं.

रेशमाचे कोष आम्ही जालन्याच्याच बाजारातून आणायचो. दोन वर्षं थर विरळच राहिला. प्रकल्प बंद व्हायच्या बेतात होता. या वेळी मात्र नवं रेशीम वापरलं आणि फोटोत कडेपासून कडेपर्यंत हिरवं! शबानाच्या अब्बांनी मस्तगडात, त्यांच्या गल्लीत, पेढे वाटले.

मला इतकं चांगलं काही पचत नाही. म्हणून मी पेशी न टाकता नुसता रंग टाकलेली नळी मागितली. जुन्या रेशमाची रिकामी नळी पूर्वीच तपासलेली होती, नव्याची राहिली होती. ती ही.

संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

"फोटो खोटा आहे का?" त्यांनी विचारलं.

"फोटो खरा आहे सर. हिरवं कशामुळे दिसतंय, ते माहीत नाही."

"मग कमिटीला एवढ्या खोलात कशाला न्यायचं? थर दिसला तर सशांवर प्रयोग मंजूर होईल. नाही तर दुकान बंद. त्या पोरीची पीएचडी लटकेल, बघा."

मला राग आला, कारण पोरीबद्दल ते बोलले ते खरंच होतं. ससे झाले की कधीतरी माणसाचा नंबर येतो, हे मात्र ते बोलले नाहीत. मी नाही म्हटलं आणि लॅबमध्ये आले.

या खेपेला बदललं होतं फक्त रेशीम. ते वडीगोद्री गावच्या देवरावांकडून आलं होतं. देवरावांची तुतीची बाग आहे आणि त्यांचं बायपास झालेलं आहे. पायातली शीर कमी पडली, म्हणून एक अडथळा डॉक्टरांनी तसाच ठेवला आणि गोळ्यांवर भागवलं. आमचं काम ऐकून ते स्वतः कोष घेऊन आले. "बाजारातलं कशाला घेऊन राह्यलात? घरचं न्या," म्हणाले.

उरलेले कोष काढले. कोषांचा डिंक घालवायला ते धुण्याच्या सोड्यात उकळावे लागतात. पहिल्यांदा ते स्टीलच्या मोठ्या पातेल्यात उकळले होते, त्यात पाण्याचा रंग कळला नव्हता. आता मूठभर कोष काचेच्या भांड्यात टाकले. पाणी हळूहळू लालसर झालं.

शबाना बघत राहिली. "मॅडम, ओढणीवर हळद सांडली ना, की साबण लावल्यावर अशीच लाल होते."

मी वडीगोद्रीला फोन लावला. देवरावांच्या बायकोने, कौसाबाईंनी उचलला.

"ताई, कोषांना काही लावलं होतं का?"

"काय न्हाई वो मॅडम. टोपल्यात भरताना हळदीचा हात फिरवला फक्त. कुणाच्या तरी काळजात बसणार म्हणल्यावर तसंच कसं देऊ?"

हळद निळ्या उजेडात स्वतःच हिरवी चमकते. रेशीम तिला इतकं धरून ठेवतं की उकळूनही पुरती निघत नाही. काही कोष मुळातच पिवळसर असतात, त्यामुळे शंका आली नव्हती. आम्ही दुसऱ्या पद्धतीने पेशी मोजल्या. पूर्वीइतक्याच होत्या, विरळ.

संचालकांना कळवलं. ते म्हणाले, "मग हळदीचीच नळी म्हणा ना! पेटंट होईल."

कमिटीसमोर शबानाने पेशींची नळी आणि रिकामी नळी, दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावले.

"निष्कर्ष काय?" एका सदस्याने विचारलं.

"थर बसलेला नाही सर. ही हळद आहे."

एक जण हसले. शबाना हसली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. सशांचा प्रयोग नामंजूर झाला. प्रकल्पाला आम्ही दोन वर्षं मागितली होती, सहा महिने मिळाले.

अवघड काम पुढेच होतं. तो हिरवा फोटो शबानाने आनंदाच्या भरात कौसाबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. आम्ही दोघी वडीगोद्रीला गेलो. कौसाबाई चहा ठेवायला आत गेल्या, तसे देवराव हळूच म्हणाले, "मंग मला काई ती नळी मिळत न्हाई, मॅडम."

"नाही, भाऊ. तुमच्या वेळेला होणार नाही. आत्ता तर सशालाही नाही."

"मला वाटलंच होतं. हिला नका सांगू. त्या फोटोवर जगून राह्यली ती."

पण तेच सांगायला आलो होतो. चहा आला आणि मी सगळं सांगितलं.

कौसाबाईंनी कप खाली ठेवला. "म्हंजे माझ्याच हातानं बिघडलं."

"मावशी, ते आम्हाला आधी दिसायला पाहिजे होतं," शबाना म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला.

"मंग आता हळद कुठं लावू?"

"भाऊंना द्या, दुधातून," मी म्हटलं.

"त्येन्ला तर रोजच देते वो," असं म्हणून त्या रडायला लागल्या.

देवरावांनी पाण्याचा तांब्या बायकोकडे सरकवला. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी होईल. पुढचं पीक निघालं की पाठवतो."

"साबणानं धुऊन देऊ का?" कौसाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"काही म्हणजे काही करू नका!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

पुढच्या कोषांची रिकामी नळी काळीकुट्ट दिसली. शबानाने तो फोटोही वडीगोद्रीला पाठवला. "यात तर काईच दिसंना," कौसाबाई म्हणाल्या. "मावशी, हेच पाहिजे होतं," शबानाने सांगितलं. थर अजून विरळच आहे, पण जेवढं हिरवं दिसतं तेवढं पेशींचंच आहे. निकाल मनासारखा आला की आधी रिकामी नळी बघायची, एवढंच मी नव्या मुलांना सांगते.

आणि वडीगोद्रीहून टोपली आली की फोन करते. "ताई, या वेळी काही लावलं का?"

"न्हाई मॅडम. नुसतं डोळे भरून बघितलं."