मारितची उडी आणि श्रीनाथची पोटदुखी

श्रीनाथ पटवर्धन आठवड्याचे पाच दिवस जर्मनीतल्या आखन शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत मान मोडून काम करी आणि रविवारी तिथल्या क्लबच्या मैदानावर उंच उडीचा पंच होई. उडी साधली की पांढरा झेंडा, दांडी पडली की लाल. या बिनपगारी कामाचा त्याला नोकरीपेक्षा जास्त अभिमान होता.

सांगलीला कॉलेजात असताना तो स्वतः दोन मीटर एक सेंटीमीटर उडाला होता. अखिल भारतीय स्पर्धेसाठी निवड झाली, पण स्पर्धा आली ती नेमकी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत. वडिलांनी बुटांची पिशवी माळ्यावर टाकली. श्रीनाथने परीक्षा दिली, फर्स्ट क्लास मिळवला आणि जर्मनीला आला. पुढे उडी मारतच राहिलो असतो तर कुठवर गेलो असतो, हे मात्र त्याला कोणी सांगू शकलं नाही.

मग क्लबात मारित आली. सीमेपलीकडच्या हेर्लेन गावची डच पोरगी, पंधरा वर्षांची, दातांना तारा, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणारी. पहिल्या दिवशी एक पंचावन्न उडाली तेव्हा श्रीनाथनेच कौतुकाने पांढरा झेंडा दाखवला होता. दोन वर्षांत ती ज्युनिअर गटात डच विजेती झाली. मग युरोपियन ज्युनिअर स्पर्धेत ब्राँझ, मग देशाचं नारिंगी बनियन घालून टीव्हीवर. डोंगर म्हणून औषधालाही नसलेल्या देशातली ही मुलगी उंचीवरून मिरवते, हे श्रीनाथच्या डोळ्यांत खुपू लागलं. तिचा प्रत्येक निकाल तो मोबाइलवर बघे आणि ती हरली की बरं वाटे. तिचा घोटा मोडल्याची बातमी आली त्या दुपारी त्याने श्रीखंड तीनदा मागून घेतलं. "आज भूक बरी लागलीय," वसुधा, त्याची बायको, एवढंच म्हणाली.

खरं दुखणं घरातच होतं. त्याची चौदा वर्षांची मुलगी उर्जा त्याच क्लबात उडी मारायची. पावलं कशी मोजायची, पाय दांडीपासून किती लांब टेकवायचा, हे सारं त्यानेच तिला शिकवलेलं. पण भिंतीवर फोटो मारितचा. तो काही सांगू लागला की ती जर्मनमधला 'पण' लावून म्हणे, "आबर बाबा, मारित असं नाही करत." हे ऐकलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

जूनमध्ये आखनला मोठी स्पर्धा झाली. घोटा बरा होऊन मारित परतली होती. युरोपियन स्पर्धेत जायचं तर त्याच दिवशी एक ब्याण्णव हवं होतं; पात्रतेचा तो शेवटचा दिवस. तिचा प्रशिक्षक तापाने घरी पडलेला.

एक ब्याण्णववर पहिल्या उडीत दांडी पडली आणि श्रीनाथला कारण तिथल्या तिथे दिसलं. पाठीमागून वारा होता, पावलं लांब पडत होती, ती दांडीच्या फार जवळून उडत होती. धाव एक पाऊल मागून घेतली असती तर प्रश्न मिटला असता. पंचाने खेळाडूला सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे. हा नियम त्याला त्या दिवशी फारच गोड लागला.

दुसरी उडीही तशीच गेली. त्याने लाल झेंडा जरा जास्तच उंच धरला. उर्जा कठड्यापाशी आली. "बाबा, काय चुकतंय तिचं?"

आपल्या मुलीला काही सांगायचं नाही, असा नियम मात्र कुठेच नव्हता.

"काही नाही चुकत," तो म्हणाला. "उंचीच झेपत नाहीये तिला."

उर्जा तिथेच उभी राहिली. मारितचे पाय पडत होते ती जागा, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पट्टी, दांडी, हे सगळं ती निरखून बघत होती. मग कठड्यावर वाकून तिने मारितला हाक मारली आणि जर्मनमध्ये ओरडून सांगितलं, एक पाऊल मागून घे, फार जवळ येतेस. मारितने त्या चौदा वर्षांच्या पोरीकडे क्षणभर पाहिलं, धाव जिथून सुरू होते तिथली चिकटपट्टी उचलली आणि एक पाऊल मागे लावली.

तिसऱ्या आणि शेवटच्या उडीत ती दांडीला न शिवता पलीकडे गेली. श्रीनाथने पांढरा झेंडा वर केला, करावाच लागला. मारित गादीवरून उतरली ती थेट कठड्याकडे धावली आणि तिने उर्जाला घट्ट मिठी मारली. आपल्या मुलीचा चेहरा इतका खुललेला त्याने कधी पाहिला नव्हता. ती मिठी खरं तर आपल्या वाट्याची होती, असं त्याला वाटलं.

परतताना बसस्टॉपवर उर्जा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तू म्हणालास, झेपत नाहीये."

"मला दिसलं नाही गं. ऊन होतं ना समोर."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, माझं चुकलेलं तर तुला दर वेळी दिसतं. रात्री लाइट नसला तरी दिसतं."

बस आली. श्रीनाथने खिडकीजवळची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली, पण ती पुढे ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर जाऊन बसली.